डिस्क वाढवली, जागा मात्र तेवढीच

होस्टिंगच्या पॅनलवर 40 जीबीची डिस्क 80 केली, वाढीव भाडं खात्यातून वळतं झालं, आणि सर्व्हरवर येऊन डीएफ चालवलं तर आकडा जुनाच: 39 जी, वापर 97 टक्के. पहिल्यांदा हे काम करणारा बहुतेकदा इथंच अडतो. मग तो सर्व्हर रीबूट करतो, पुन्हा तोच आकडा बघतो आणि सपोर्टला फोन लावतो. वास्तविक डिस्क वाढलेली असते. ती वाढल्याचं पुढच्या दोन थरांना कुणी कळवलेलं नसतं, एवढंच.

जयसिंगपूरसारख्या गावात पतसंस्था, आडत दुकान किंवा तेलगिरणीचा सर्व्हर छोटाच असतो. एक तर मुंबईच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन, नाहीतर हिशेबाच्या टेबलाखाली यूपीएसला जोडलेला डबा. सिस्टीम, डेटाबेस, लॉग, सगळं एकाच डिस्कवर. ती भरली की डेटाबेस लिहायला नकार देतो आणि काउंटरवर पावती निघत नाही.

थर तीन. सगळ्यात खाली डिस्क, म्हणजे 512 बाइटच्या सेक्टरांची एक लांब रांग. तिच्यावर पार्टिशन टेबल: कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत कुणाची हद्द, याची नोंदवही. आणि त्या हद्दीच्या आत फाइल सिस्टीम, जी फाइली प्रत्यक्ष मांडून ठेवते. प्रत्येक थराला आपला आकार स्वतःच्या नोंदीतूनच कळतो. खालचा थर वाढला म्हणून वरचा आपोआप वाढत नाही.

जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलं, ते आखून: सरळ रस्ते, काटकोनातल्या गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. आखीव गावात घर वाढवायचं तर आधी शेजारचा प्लॉट मोकळा आहे का ते बघावं लागतं. पार्टिशनचंही तसंच, फक्त इथं उजवीकडचाच शेजार उपयोगाचा. कारण फाइल सिस्टीम आपले ब्लॉक पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरपासून मोजते. सुरुवात एका सेक्टरनं जरी सरकली तरी तिचा सगळा हिशेब चुकतो. शेवट पुढं ढकलता येतो, सुरुवात जागची हलवायची नाही. या कामातली एवढी एक गोष्ट पक्की असली की बाकीचं निभावतं.

हात घालण्याआधी एक शंका काढून टाका: जागा खरंच कमी पडते आहे का? सिस्टीमडीचं जर्नल मर्यादा ठरवून न दिल्यास फाइल सिस्टीमच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबी, वाढू शकतं. डॉकरच्या जुन्या इमेज, मायएसक्यूएलचे बायनरी लॉग, जुने कर्नल हे नेहमीचे गिऱ्हाईक. एक प्रकार नवख्याला हमखास चकवतो. मोठी लॉग फाइल पुसली, तरी जागा सुटत नाही. ती फाइल एखाद्या चालू प्रोसेसनं उघडून धरलेली असते. नाव गेलं, पण ब्लॉक त्या प्रोसेसच्या ताब्यातच राहतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली की ते सुटतात. आणि डीएफला जागा दिसत असूनही 'डिस्क भरली' असा एरर येत असेल तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागं लागणाऱ्या नोंदी, मोजा. ईएक्सटी4 साधारण दर 16 केबीमागं एक आयनोड ठेवतं, आणि लाखो बारीक फाइली झाल्या की तेच आधी संपतात.

यातून उरलं आणि वाढवायचंच ठरलं, की आधी स्नॅपशॉट. तो चुकीतून मागं येण्यासाठी. बॅकअप वेगळाच हवा, आणि तो दुसऱ्या जागी हवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात जयसिंगपूरच्याच शिरोळ तालुक्यातल्या किती गावांत पाणी शिरलं ते इथं सांगायला नको. सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, ही व्यवस्था आजही बऱ्याच ऑफिसांत दिसते.

आता एलएसबीएलके चालवा. भाड्याच्या उबुंटू मशीनवर साधारण असं दिसेल: व्हीडीए 80 जी, तिच्या पोटात व्हीडीए1 39.9 जी, व्हीडीए14 4 एम, व्हीडीए15 106 एम. डिस्क 80 दिसते, म्हणजे पहिला थर जागा झाला. आता पार्टिशनच्या नंबरांकडं बघा. व्हीडीए1 पहिल्या नंबरचं, पण डिस्कवर ते सगळ्यात शेवटी आहे. त्याआधी 14 आणि 15 बसलेत, आणि व्हीडीए1 सुरू होतं 227328 व्या सेक्टरला, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीपासून 111 एमबीवर. ही रचना मुद्दाम केलेली आहे, रूट पार्टिशनच्या उजवीकडं कुणी राहू नये म्हणून. गावात सहावी गल्ली संपली की सातवी लागते. पार्टिशनच्या नंबरावर तसा भरवसा ठेवू नका, सुरुवातीचा सेक्टर बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

दुसऱ्या थराचं काम ग्रोपार्ट करतं. ग्रोपार्ट, मग डिस्कचं नाव, मग एक जागा सोडून पार्टिशनचा नंबर. ती सोडलेली जागा महत्त्वाची. व्हीडीए1 असं जोडून लिहिलं तर कमांड चालत नाही. ग्रोपार्ट सुरुवात तीच ठेवून शेवट पुढं नेतं. त्याच फेरीत ते आणखी एक दुरुस्ती करतं. जीपीटी पद्धतीत पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मधेच पडून राहते. पार्टेडनं उघडलं तर ते तक्रार करतं, की सगळी जागा वापरात नाही, 83886080 ब्लॉक जादा आहेत, दुरुस्त करू का? तो आकडा बघून घाबरू नका. त्याला 512 नं गुणलं तर बरोबर 40 जीबी, आत्ताच विकत घेतलेले.

डिस्क शंभर टक्के भरली असेल तर ग्रोपार्टच अडतं, कारण त्याला टेम्प फोल्डरमध्ये चार-दोन केबी लिहायचे असतात. जागा वाढवायला जागा नाही, असा हा पेच. थोडे लॉग पुसा, किंवा टेम्पवर तात्पुरती रॅममधली फाइल सिस्टीम माउंट करा आणि पुन्हा चालवा.

ग्रोपार्ट नसेल तर एफडिस्क. इथं भल्याभल्यांचा हात थरथरतो, कारण पार्टिशन आधी डिलीट करावं लागतं. डिलीट होते ती फक्त नोंदवहीतली ओळ. आतला डेटा जागच्या जागी असतो. तेच पार्टिशन पुन्हा बनवताना कागदावरचा सुरुवातीचा सेक्टर टाका, एफडिस्क सुचवेल तो डोळे मिटून घेऊ नका. मग ते विचारतं: इथं ईएक्सटी4 ची सही सापडली, पुसू का? उत्तर 'नाही'. हो म्हटलात तर फाइल सिस्टीमची ओळखच जाते. जीपीटीवर असं नवं पार्टिशन बनवलं की त्याचा पार्ट-यूयूआयडीही बदलतो, आणि बूटलोडर त्याच आयडीवरून रूट शोधत असेल तर पुढचा बूट अडकतो. म्हणून मी ग्रोपार्टलाच पसंती देतो.

तिसरा थर लगेच होतो. ईएक्सटी4 असेल तर रिसाइझ-टू-एफएसला पार्टिशनचं नाव द्या, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएसला माउंट पॉइंट द्या. दोन्ही चालू सर्व्हरवर, माउंट असतानाच चालतात. काउंटरवरच्या माणसाला कळतही नाही. डीएफ आता 78 जी दाखवेल.

जुन्या मशीनवर मात्र उजवीकडं स्वॅप पार्टिशन बसलेलं असतं. स्वॅपमध्ये जपण्यासारखं काही नसल्यामुळं हे सोपं आहे: स्वॅप बंद करा, ते पार्टिशन उडवा, रूट वाढवा आणि स्वॅपसाठी रूटवरच एक फाइल बनवा. उबुंटूनंही 2017 मध्ये 17.04 पासून साध्या इन्स्टॉलला हाच मार्ग धरला. एफएसटॅबमधली स्वॅपची जुनी ओळ काढायला मात्र विसरू नका, नाहीतर दर बूटला मशीन त्या गेलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघत बसेल.

टेबलाखालच्या डब्याची गोष्ट वेगळी. 500 जीबीची एसएसडी, उबुंटू सर्व्हर, आणि वर्षभरात 'डिस्क भरली'. मालक नवी डिस्क आणायला निघतो. डीएफ बघितलं तर रूट अवघं 98 जी. उबुंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा एका गटात, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, घेऊन लागेल तशी वाटणारी पद्धत) निवडल्यावर 200 जीबीहून मोठ्या डिस्कवर रूटला 100 जीबीच देतो, बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये शिल्लक ठेवतो. व्हीजीएस चालवा, साडेतीनशे जीबीहून जास्त मोकळे पडलेले दिसतील. एलव्हीएक्स्टेंडला आर हा पर्याय देऊन ती जागा जोडली की फाइल सिस्टीमही त्याच कमांडमध्ये वाढते. शिवाय एलव्हीएममध्ये शेजाराची अट नाही. मोकळी जागा कुठंही असली तरी चालते. दुकानासाठी नवा सर्व्हर लावत असाल तर एलव्हीएमच घ्या.

विंडोजवर अडचण जुनीच, नाव नवं. सी ड्राइव्हच्या उजवीकडं रिकव्हरी पार्टिशन असतं आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं, क्लिकच होत नाही. आधी रिएजंटसी या कमांडनं रिकव्हरी बंद करायची, डिस्कपार्टमधून ते पार्टिशन काढायचं, सी वाढवायचा, पण शेवटी एक जीबीभर जागा सोडून रिकव्हरी पुन्हा उभी करायची. ती कंजूषपणानं लहान ठेवू नका. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 चा एक सुरक्षा अपडेट असंख्य मशीनवर याच पार्टिशनमध्ये जागा नाही म्हणून अडकला होता, आणि ते 250 एमबीनं वाढवा असं मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं होतं.

लहान करणं हे सगळं उलट क्रमानं: आधी फाइल सिस्टीम, मग पार्टिशन. पार्टिशन आधी कापलं तर फाइल सिस्टीमचं शेपूट हद्दीबाहेर राहतं. ईएक्सटी4 अनमाउंट केल्याशिवाय लहान होत नाही, आणि चालू रूट अनमाउंट होत नाही, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून बूट करणं आलं. एक्सएफएस तर लहान होतच नाही असं धरून चाला. भाड्याची डिस्कही बहुतेक ठिकाणी वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून 40 वरून थेट 200 वर उडी मारू नका. 80 करा, पुढं लागली तर पुन्हा वाढवता येते.

शेवटी, रात्री दुकान बंद झाल्यावर एकदा रीबूट करा, गरज नसली तरी. एफएसटॅब किंवा बूटलोडरमध्ये काही राहून गेलं असेल तर ते तुम्ही समोर असतानाच दिसलेलं बरं. दोन-चार दिवस सुरळीत गेले की स्नॅपशॉट काढून टाका, त्याचंही भाडं चालू असतं.