कलम ६६-अ, कलम ६९-अ आणि इंटरनेटवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्य

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने नागरिकांस अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले असून त्यावरील निर्बंधांची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मात्र ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा मोघम शब्दांवर उभे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले. तिच्या मैत्रिणीने ते केवळ ‘लाइक’ केले. दोघींनाही अटक झाली आणि लावलेल्या कलमांत ६६-अ होते. नुसती पसंतीही गुन्हा ठरावी, इतकी त्या कलमाची व्याप्ती होती!

श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरविले. चर्चा व समर्थन निराळे, चिथावणी निराळी, हा त्या निकालाचा गाभा होय.

त्याच निकालाने संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र वैध मानले. चीनमध्ये २००९ पासून फेसबुकच बंद आहे. भारतात तसे सरसकट नियंत्रण नाही. तथापि २००९ च्या नियमांतील नियम १६ नुसार रोखण्याची कार्यवाही गोपनीय राहते. आदेशाची कारणे लेखी असल्याने त्यास रिट याचिकेद्वारे आव्हान देता येते, असे न्यायालयाने म्हटले. परंतु आदेशाची प्रतच हाती नसलेल्या लेखकास ती कारणे खोडून काढणे दुरापास्त होते.