‘कस्तुरी’च्या कुपीत कस्तुरी नसतेच! मग तो गोडसर, जुन्या वळणाचा वास येतो कुठून?

लग्नाचा मांडव असो, ईदची सकाळ असो की गावच्या पालखीचा दिवस, महाड-पोलादपूरकडच्या गर्दीत एक वास हमखास भेटतो. गोडसर, उबदार, थोडा पावडरीसारखा, आणि माणूस पुढे निघून गेला तरी मागे रेंगाळणारा. कुठलं अत्तर म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, “कस्तुरी आहे.” घरातलं कुणी आखातात नोकरीला असतं आणि येताना बाटली घेऊन आलेलं असतं, नाहीतर बाजारातून छोटीशी कुपी घेतलेली असते.

सध्या तर असल्या तेलाच्या अत्तरांची हवा आहे. ‘व्हिंटेज मस्क’, ‘पर्फ्यूम ऑइल’ अशा नावांनी रील्स येतात, आणि खाली एकच प्रश्न असतो: “वास नक्की कसा आहे?”

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहेच. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. त्या कुपीत कस्तुरी नसते. आणि खरोखर असलीच, तर विकणारा आणि घेणारा दोघंही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात.

खरी कस्तुरी म्हणजे काय?

हिमालयात राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखाली एक ग्रंथी असते. विणीच्या काळात मादीला खुणावण्यासाठी तो तिच्यातून उग्र वासाचा पदार्थ सोडतो. ही ग्रंथी वाळवली की मिळते ती कस्तुरी. ताजी असताना तिचा वास अजिबात गोड नसतो. जनावराच्या अंगासारखा, नाकाला झोंबणारा असतो. वाळून, मुरून आणि खूप पातळ केल्यावरच तिचा तो मऊ, उबदार गंध उलगडतो.

एका नराकडून साधारण २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. ती काढण्यासाठी शेकडो वर्षं हे प्राणी मारले गेले. आता भारतातला कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा प्राण्याच्या शिकारीला किंवा त्याच्या अवयवांच्या व्यापाराला किमान ३ ते कमाल ७ वर्षं तुरुंगवासाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे.

सह्याद्रीत कस्तुरीमृग नाही. इथल्या जंगलात दिसणारी पिसोरी दिसायला छोट्या हरणासारखी असली तरी तिचा कस्तुरीशी संबंध नाही. मात्र कोकणात जवादी मांजर आहे. त्याच्या ग्रंथीतल्या पदार्थालाही जुन्या सुगंधांत मोठा मान होता. ते मांजरही आता कायद्यानं संरक्षित आहे.

म्हणून “असली कस्तुरी, ओरिजिनल” असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर तो गुन्हा कबूल करतोय.

मग हा वास सापडला कसा?

गंमत म्हणजे पहिली कृत्रिम कस्तुरी स्फोटकांच्या संशोधनातून निघाली. १८८८ मध्ये अल्बर्ट बाउर हा रसायनतज्ज्ञ टीएनटीच्या जातीच्या संयुगांवर काम करत होता. त्यातल्या एकाला चक्क कस्तुरीसारखा वास आला! यातून ‘नायट्रो मस्क’ नावाचं घराणंच तयार झालं. ती स्वस्त होती, गोडसर होती आणि तिच्यात पावडरीची मऊ झाक होती. १९२१ साली आलेल्या शनेल नंबर ५ मध्येही नायट्रो मस्क होती.

खऱ्या कस्तुरीच्या वासामागचा मुख्य रेणू म्हणजे मस्कोन. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी त्याची रचना उलगडली. १५ कार्बनची मोठी कडी, असा त्याचा आकार निघाला. एवढी मोठी कडी टिकूच शकत नाही, असा तेव्हा बऱ्याच रसायनतज्ज्ञांचा समज होता. तो खोटा ठरला. रुझिच्का यांना पुढे १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

१९६० च्या दशकात गॅलॅक्सोलाइडसारखी आणखी स्वस्त मस्क आली आणि ती साबण, शॅम्पू, कपडे धुण्याची पावडर अशी सगळीकडे पोचली. आज ‘स्वच्छ धुतलेल्या कपड्यांचा वास’ म्हणून जो ओळखला जातो, त्यात मोठा वाटा याच मस्कचा आहे.

वनस्पतींतही कस्तुरीचा गंध आहे. आपल्या भेंडीची चुलत बहीण असलेल्या कस्तुरभेंडीच्या बियांमधून असाच मऊ, किंचित फळासारखा वास मिळतो. प्राणी न मारता मिळणारी नैसर्गिक कस्तुरी हवी असेल, तर ती ही.

यात महाडचा काय संबंध?

महाड म्हटलं की रायगड आठवतो, चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आठवतो, पावसाळ्यात चढणारं सावित्रीचं पाणी आठवतं. पण जगभरच्या साबण-सुगंधांना लागणारी रसायनंही महाडच्या एमआयडीसीत बनतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

प्रिवी स्पेशालिटी केमिकल्स या कंपनीचे कारखाने इथे आहेत. तिचा मुख्य कच्चा माल म्हणजे टर्पेंटाइन. परदेशात पाइनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करताना ते उपउत्पादन म्हणून निघतं. त्यातल्या पाइनिन नावाच्या घटकांवर प्रक्रिया करून वेगवेगळे सुगंधी रेणू बनवले जातात. त्यातला एक डायहायड्रोमायरसेनॉल. नाव अवघड असलं तरी वास ओळखीचा आहे: लिंबाच्या अंगाचा, ताजा, पुरुषांच्या साबणात आणि डिओमध्ये येणारा. गिवोदाँ या मोठ्या स्विस सुगंध कंपनीबरोबर प्रिवीचा संयुक्त उपक्रमही आहे.

थोडक्यात, दुबईहून आणलेल्या सुगंधाचा एखादा घटक आधी महाडहूनच निघालेला असू शकतो.

‘जुन्या वळणाचा’ म्हणजे नेमकं काय?

आजीच्या ट्रंकेतल्या साडीचा वास आठवा. त्यात काय काय असतं? थोडी पावडर, थोडं लाकूड, सुकलेली फुलं आणि एक गोडी. सुगंधाच्या भाषेत ‘व्हिंटेज’ म्हणतात ते जवळपास हेच. त्यात सहसा चार गोष्टी असतात.

पहिली, गोडी. ती येते व्हॅनिलिन आणि कुमारिन यांतून. कुमारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनलं. त्याचा वास सुकलेल्या गवतासारखा आणि बदामासारखा. व्हॅनिलिन १८७४ मध्ये बनलं, तेही पाइनच्याच झाडातल्या एका द्रव्यापासून!

दुसरी, ऊब. ऊद, लोबान, राळ यांसारख्या डिंकांची ही झाक. १९२५ च्या शालिमारनं व्हॅनिला आणि डिंकांची ही जोडी जगभर गाजवली.

तिसरी, फुलं. बहुतेक वेळा गुलाब किंवा मोगरा, पण ताज्या फुलासारखा नव्हे. बकुळीची फुलं सुकल्यावरही वास सोडत नाहीत, तसा.

चौथी, तळाला बसलेली कस्तुरी. ती या सगळ्यांना धरून ठेवते.

जुन्या बाटल्यांचा हुबेहूब वास मात्र आता मिळत नाही, आणि त्यामागे कारण आहे. मस्क अँब्रेट नावाच्या नायट्रो मस्कमुळे उन्हात त्वचेवर पुरळ उठत असे, शिवाय तिच्यामुळे मज्जातंतूंना अपाय होत असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. तिच्यावर युरोपात बंदी आली. म्हणून आजची ‘व्हिंटेज’ अत्तरं ही त्या जुन्या वासाची नव्या रेणूंनी काढलेली नक्कल असतात. आणि ते चांगलंच आहे. कपाटात सापडलेली खरीखुरी जुनी बाटली अंगाला न लावता नुसती हुंगलेली बरी.

तेलाचं अत्तर स्प्रेपेक्षा वेगळं का वागतं?

स्प्रेमध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. ते झपकन उडतं आणि सुगंधाला सोबत घेऊन खोलीभर पसरतं. तेल उडत नाही. त्यामुळे अत्तराचा घेर लहान राहतो, पण मुक्काम लांबतो. अल्कोहोल नको असलेल्यांना ते चालतं, हेही त्याच्या लोकप्रियतेचं एक कारण.

कनौजच्या पारंपरिक पद्धतीत देगेत फुलं किंवा औषधी वनस्पती उकळतात आणि वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. शमामा, हिना यांसारखी मसालेदार, उबदार अत्तरं अशीच बनतात. चंदन महागल्यामुळे आता बऱ्याच स्वस्त अत्तरांचा आधार दुसरंच एखादं बिनवासाचं तेल किंवा द्रावक असतो.

मस्कचे रेणू मोठे आणि जड असतात. म्हणून ते हळूहळू उडतात, सगळ्यात शेवटी उरतात आणि धुतल्यावरही कपड्याला चिकटून राहतात.

कोकणच्या हवेत कसं लावायचं?

महाड-पोलादपूरची हवा उष्ण आणि दमट. उष्णतेनं अत्तर लवकर उडतं आणि गोड वास जास्त दाट वाटतो. डिसेंबरात महाबळेश्वरला छान वाटलेलं अत्तर आंबेनळी घाट उतरून मे महिन्यात महाडला लावलं, तर डोकं चढू शकतं.

– एक थेंब पुरे. मनगट, कोपराची आतली बाजू किंवा कानामागे. कानाच्या पाळीत फाया ठेवायची जुनी पद्धतही उत्तम, कारण तिथे अत्तर त्वचेला कमी लागतं आणि नको वाटलं तर काढून टाकता येतं.

– मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्यानं ‘रेणू तुटतात’ असं सांगतात, ते खरं नाही. पण त्वचा गरम होते आणि वरचा हलका वास लवकर उडून जातो.

– पावसाळ्यात नीट न वाळलेल्या, कोंदट कपड्यांवर अत्तर लावू नका. कुबट वास झाकला जात नाही. दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो.

– पांढऱ्या आणि रेशमी कपड्यांवर तेलाचा डाग पडतो.

– नवं अत्तर आधी कोपराच्या आत टिकलीएवढं लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर ते तुमच्यासाठी नाही. तान्ह्या बाळाला तर लावूच नका.

“मला तर वासच येत नाही!”

मस्कची ही सर्वात मोठी गंमत आणि सर्वात मोठा धोकाही. बऱ्याच लोकांना ठरावीक मस्क हुंगताच येत नाही. नाक बिघडलेलं नसतं. त्या विशिष्ट रेणूला ओळखणारा ग्राहक जन्मतःच वेगळा असतो. एकाला गॅलॅक्सोलाइड येत नाही, दुसऱ्याला मस्कोन. म्हणून चांगल्या अत्तरांत दोन-तीन प्रकारची मस्क मिसळतात.

त्यात भर म्हणजे नाक सवयीनं थकतं. अर्ध्या तासात स्वतःचं अत्तर स्वतःला जाणवेनासं होतं. मग माणूस आणखी दोन थेंब लावतो. तुमच्या शेजारी, खिडक्या बंद असलेल्या एसटीत कशेडी घाट चढणाऱ्या माणसाला मात्र ते सगळे थेंब जाणवत असतात. त्याला दमा किंवा अर्धशिशी असेल, तर प्रवास संपेपर्यंत त्याची सुटका नाही. त्यामुळे किती लावायचं हे स्वतःच्या नाकाला न विचारता घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावं.

वर्णन करायचं तर कसं?

“मस्त आहे, लाँग लास्टिंग आहे” यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीन वेळा हुंगा आणि तीन वेळा लिहा: लावल्याबरोबर, अर्ध्या तासानं आणि चार तासांनी. तेलात हे टप्पे स्प्रेइतके ठळक नसतात, पण असतात.

उपमा घरातल्या वापरा. ‘ओरिएंटल गूर्मां’ लिहून जे कळत नाही, ते ‘शीरखुर्म्यातल्या खारकेसारखं गोड’ म्हटल्यावर लगेच कळतं. मराठीत वासाला शब्द कमी नाहीत. दरवळ, घमघमाट, उग्र, मंद, खमंग, धुरकट, कुबट, कोंदट. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

उदाहरणार्थ असं लिहिता येईल: “लावताना काकवीसारखं दाट गोड, जरा जास्तच. अर्ध्या तासानं गोडी उतरते, टाल्कम पावडर आणि सुकलेला गुलाब येतो. चार तासांनी फक्त अंगाची ऊब उरते, उन्हात टाकलेल्या गोधडीसारखी. हातभर अंतरावर जाणवतं, त्यापलीकडे नाही. मे महिन्यात दिवसा नको, डिसेंबरच्या संध्याकाळी लावा.”

यात वास आहे, वेळ आहे, घेर आहे आणि ऋतू आहे. घेणाऱ्याला एवढंच हवं असतं.

आणि पाण्याचं काय?

त्वचेवर टिकणं हा मस्कचा गुण. पण आंघोळीनंतर आणि कपडे धुतल्यावर तीच मस्क पाण्यात जाते, आणि तिथेही टिकते. गॅलॅक्सोलाइडसारखी मस्क जगात अनेक ठिकाणी नद्यांच्या पाण्यात, माशांत, अगदी आईच्या दुधातही आढळली आहेत. मस्क झायलिन ही नायट्रो मस्क तर याच टिकाऊपणामुळे आणि जीवांच्या शरीरात साठत जाण्यामुळे युरोपात २०१४ पासून विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही.

अत्तराचा एक थेंब यात फार थोडी भर घालतो. जास्त मस्क जाते ती रोजच्या धुण्याच्या पावडरीतून आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवातून. म्हणजे वासाची हौस एका थेंबावर भागवणारा माणूस सावित्रीच्या पाण्यालाही कमी त्रास देतो. बादलीभर सुगंधी द्रवात कपडे बुडवण्यापेक्षा कानामागचा तो छोटा फाया केव्हाही चांगला.