टाळू फुगते तेव्हा

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचा विसर्ग वाढला की खाली प्रकाशा गावच्या बॅरेजचे दरवाजे उघडावे लागतात. तापीला वाट मिळाली नाही तर पाणी तुंबतं. तान्ह्या बाळाला मेंदूज्वर झाला की डोक्यात असंच काहीसं घडतं.

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये पाण्यासारखा द्रव सतत झिरपत असतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. अरुंद वाटांनी तो बाहेर येतो आणि रक्तात शोषला जातो. जंतुसंसर्गात पुवाचा गाळ या वाटा बुजवतो. झिरपणं मात्र थांबत नाही. पोकळ्या फुगतात, कोवळा मेंदू कवटीकडे रेटला जातो.

बाळाच्या कवटीत एक जागा मोकळी असते. आजी रोज तेलाने भरते ती टाळू. वर्ष-दीड वर्षापर्यंत तिथे हाड जुळलेलं नसल्याने सोनोग्राफीच्या लहरी सहज आत जातात आणि खाटेवरच कळतं, पोकळी किती फुगली, गळू कुठे आहे. सिट्रोबॅक्टर कोसेरी नावाचा जंतू नवजात बाळांच्या मेंदूत अनेकदा गळवं करतो. दाट पुवात प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत. म्हणून सोनोग्राफीत बघत बघत सुईने पू ओढून काढतात, आणि पुढे कित्येक आठवडे शिरेतून औषध चालतं.

तुंबलेल्या द्रवासाठी कायमची नळी, म्हणजे शंट, लगेच बसवता येत नाही. जंतू तिच्यावरच ठाण मांडतात. तोवर द्रव तात्पुरत्या नळीने बाहेर काढतात, किंवा डोक्याच्या कातडीखाली छोटी डबी बसवून सुईने उपसतात. हे थांबणं आईबापांना फार जड जातं. द्रव निवळला की शंट बसतो आणि जास्तीचा द्रव पोटात उतरतो.

आपल्याच देशात, शाहजहाँपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटपेक्षा कितीतरी स्वस्त. न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडात १९५ मुलांवर दोन्हींची तुलना केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरच्या निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. मला ही बातमी मोठी वाटते, कारण शंट तुंबला तर तो पुन्हा बदलावा लागतो, आणि शेतमजुराच्या घराला तो खर्च दुसऱ्यांदा पेलायचा असतो.

टाळू भरणाऱ्या हाताला फुगवटा सगळ्यांच्या आधी लागतो. बाळ शांत असताना, उभं धरल्यावरही टाळू ताठ लागली तर थांबू नये. ती सपाट असली तरी मेंदूज्वर असू शकतो. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, झटके आले, तर रात्र असली तरी शहादा किंवा नंदुरबारच्या दवाखान्याची वाट धरावी.