भुताच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात काय?

वसतिगृहातील दिवे मालवले, की मुलांच्या खोलीत हळू आवाजात गोष्टीला आरंभ होतो. तानसा परिसरात त्यासाठी सामग्रीची उणीव नाही. १८९२ साली पूर्ण झालेल्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय, भोवतीचे अभयारण्य, माहुलीच्या सुळक्यांवर उतरणारे पावसाळी धुके आणि पाड्यापाड्यांवर सांगितल्या जाणाऱ्या भुताखेतांच्या कहाण्या. दहा ते तेरा वर्षांची मुले त्या घाबरत ऐकतात आणि तरीही ‘पुढे काय झाले?’ असे विचारतात. विज्ञाननिष्ठ संस्कार देऊ पाहणाऱ्या शाळेने अशा कथांना ग्रंथालयात स्थान द्यावे काय, हा प्रश्न पालक-शिक्षकांना पडणे स्वाभाविक आहे.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. आजार बरा होत नाही, गुरे मरतात, आणि मग गावातील एखाद्या एकाकी स्त्रीकडे ‘भुताळी’ म्हणून बोट दाखवले जाते. त्या एका शब्दाने किती स्त्रियांचे जीवन उद्ध्वस्त झाले आहे! डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांची हत्या झाली होती. अशा प्रदेशात भुताच्या गोष्टीकडे सावधपणे पाहावे लागते. परंतु सावधपणा म्हणजे बंदी नव्हे. अफवा आणि कथा यांतील भेद मुलांना कळला, तर कथाच त्यांना अफवेपासून वाचवू शकते.

हा भेद आपल्याच परंपरेत स्पष्ट दिसतो. जातककथांतील नळपान जातक पाहावे. वानरांचा एक मोठा कळप अनोळखी तळ्याकाठी येतो. सर्वांना तहान लागलेली असते. परंतु अपरिचित पाणी विचारल्याशिवाय पिऊ नये, अशी त्यांच्या नायकाची आज्ञा असल्याने सारे थांबतात. नायक, म्हणजे बोधिसत्त्व, तळ्याभोवती फेरी घालतो. काठावर पाण्याकडे उतरणारी पावले उमटलेली असतात. परतणारे मात्र एकही पाऊल नसते. एवढ्यावरून तो ओळखतो, की पाण्यात राक्षस आहे. पुढे निळ्या पोटाचा, पांढऱ्या तोंडाचा, लाल हातापायांचा जलराक्षस वर येतोही. बोधिसत्त्व सत्यक्रियेने काठचे वेत आतून पोकळ करतो आणि सारा कळप काठावर बसूनच त्या नळ्यांनी पाणी पितो.

येथे भय आहे, जादू आहे आणि रहस्यही आहे. मात्र संकटाचा शोध जादूने लागत नाही. तो निरीक्षणाने लागतो. भ्यालेला नायक पळत नाही, कोणावर आळ घेत नाही. तो पाऊलखुणा पाहतो. मुलांसाठी लिहिलेल्या उत्तम भय-रहस्यकथेचे मर्म हेच आहे.

आधुनिक मराठी बालसाहित्यातही हा धागा आढळतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. म्हणून निवासी शाळेतील मुलांना तो विशेष जवळचा वाटतो. काही खटकले, की सायकलवर टांग मारून तो शोध घेतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या; मुलांसाठी मात्र ‘अलबत्या गलबत्या’मध्ये अशी चेटकीण उभी केली, की तिला भिता भिता मुले हसू लागतात. हसता येऊ लागले, की भीतीची पकड सैल होते. तथापि रंगमंचावरची चेटकीण ही कल्पना आहे आणि पाड्यावरची म्हातारी हे हाडामांसाचे माणूस आहे, हे शिक्षकाने आवर्जून सांगितले पाहिजे.

आपल्या रानातील चकव्याचेच उदाहरण घ्या. चकवा लागला, की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, असे वडीलधारी सांगतात. अनुभव खोटा नाही. सूर्य झाकलेला असताना सरळ चालू पाहणारी माणसे नकळत गोल फिरतात, हे संशोधकांनी २००९ साली जर्मनीतील जंगलात प्रयोग करून दाखवले आहे. चकव्याची गोष्ट मुलांनी रंगवून सांगावी. पण नंतर ‘असे का घडत असेल?’ हेही विचारावे. उत्तर कळल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. रान मात्र अधिक ओळखीचे होते.

म्हणून अशा गोष्टी एकत्र, मोठ्याने वाचाव्यात. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत : पात्राने प्रत्यक्ष काय पाहिले? त्याने काय गृहीत धरले? खरे कसे ताडून पाहिले? लहान मूल फारच भ्याले, तर तेथेच थांबावे. त्याची थट्टा करू नये.

अफवा म्हणते, विचारू नकोस. चांगली गोष्ट म्हणते, जवळ जाऊन पाहा. आपले विद्यार्थी उद्या आपापल्या गावी परततील आणि कोणी एखाद्या निराधार स्त्रीकडे बोट दाखवील, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने जरी ‘पुरावा काय?’ असे विचारले, तरी रात्री दिवे मालवल्यानंतर ऐकलेली ती गोष्ट सार्थकी लागली असे समजावे.