ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे तेल यंत्राने बदलण्यातील धोके

इंजिनातील तेल वेळच्या वेळी बदलण्याची दक्षता बहुतेक ट्रॅक्टरमालक घेतात. परंतु मागील गिअरपेटीतील तेलाची आठवण सहसा ती आवाज करू लागल्यावरच होते. अशा वेळी काही गॅरेजांतून यंत्राच्या साहाय्याने तेल बदलून घेण्याचा आग्रह धरला जातो. या यंत्राचा पंप नवे तेल दाबाने आत लोटतो व जुने बाहेर काढतो. काम लवकर उरकते, आणि नळीतून येणारे काळे तेल पाहून मालकाचे समाधानही होते. झिजलेले दाते मात्र त्याने भरून निघत नाहीत.

हे यंत्र मुळात स्वयंचलित गिअरांच्या मोटारींसाठी निघाले. त्या मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर असतो व खालचे बूच काढले तरी त्यातील बरेचसे तेल आतच राहते. आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांचे गिअर हाताने टाकावयाचे असून त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तेल कोमट असताना बुचे काढल्यास ते बहुतांशी आपोआप निथळते. जी अडचणच नाही तिच्या निवारणासाठी पैसे का मोजावेत?

पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच तेल गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना पुरते. पेटीच्या तळाशी लोखंडाचा कीस व गाळ साचलेला असतो. दाबाच्या प्रवाहाने तो ढवळला जाऊन हायड्रॉलिक झडपांच्या अरुंद वाटांत अडकतो. मग नांगर धक्के देत उचलला जातो किंवा उचललाच जात नाही. जुनी ऑइल सीलेही अशा दाबाने गळू लागण्याचा संभव असतो.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. यंत्राच्या टाकीत व नळ्यांत आधीच्या गाडीचे तेल शिल्लक राहते. तेलात बुडालेल्या ब्रेकना विशिष्ट गुणधर्माचेच तेल लागते. भलत्या तेलाने ते कर्कश आवाज करतात किंवा त्यांची पकड कमी होते. उसाने भरलेली ट्रॉली उतारावर असताना हे घडल्यास काय ओढवेल ते सांगावयास नको.

कोकणात व भंडारा, गोंदिया या भातपट्ट्यात चिखलणीनंतर तेल दुधाळ झालेले आढळते. ती पाणी शिरल्याची खूण होय. अशा वेळी डिझेल किंवा रॉकेल घालून पेटी धुण्याचा मोह होतो, परंतु त्याचा राहिलेला अंश नवे तेल पातळ करतो. प्रथम पाणी कोठून शिरले ते शोधून सील बदलावे. नंतर तेल काढून योग्य जातीचे थोडे नवे तेल घालावे, अल्पकाळ बिनओझ्याने ट्रॅक्टर चालवून तेही काढावे व मग पुरते भरावे. खर्च वाढतो हे खरे. तरीही तो गिअर व बेअरिंगांच्या किमतीपुढे थोडाच आहे.

एरवी तेल बदलताना ट्रॅक्टर काही वेळ चालवून सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद करावे व सर्व बुचे काढावीत. हात भाजणार नाही इतपतच तेल कोमट असावे. बुचावर चुंबक असल्यास तो अवश्य पाहावा. पिठासारखा बारीक कीस स्वाभाविक आहे. परंतु दातांचे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर पेटी उघडणे भाग आहे. यंत्राने तेल बदलल्यास ही तपासणी सहसा राहूनच जाते. फिल्टर बदलावा, जाळी धुऊन वाळवावी. तेलाची जात, प्रमाण व बदलण्याचे तास कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावेत. तेल भरल्यावर लिफ्ट चारसहा वेळा वरखाली करून डिपस्टिकवर पातळी पुन्हा पाहावी.

निघालेले तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे द्यावे. गावातील दोनचार ट्रॅक्टरमालकांचे तेल एकत्र नेण्याची व्यवस्था ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सहज करता येईल.