गंगेच्या दोन तीरांवरील दोन एंजिने

काशीहून पूल ओलांडून गंगेच्या पूर्वेकडे गेले की मुगलसराई लागते. २०१८ पासून या स्थानकाचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय असे झाले आहे. भारतीय डिझेल एंजिनांच्या इतिहासातील दोन प्रतिस्पर्धी नदीच्या या दोन तीरांवर नांदत होते. एकाची पैदास काशीत होई, दुसऱ्याचे बिऱ्हाड मुगलसराईच्या शेडमध्ये होते.

१९६२ च्या सुमारास दोन्ही एंजिने अमेरिकेतून आली. आल्को कंपनीचे ‘डब्ल्यूडीएम-२’ आणि जनरल मोटर्सचे ‘डब्ल्यूडीएम-४’. शक्ती दोघांचीही सुमारे २,६०० अश्वशक्ती, चालक आस प्रत्येकी सहा, सिलिंडर सोळा. डिझेलवर जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालवायच्या, ही रीतही तीच.

भेद होता तो पोटात. आल्कोचे एंजिन चार धावांचे, म्हणजे दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा इंधन पेटणार; त्याचा एकेक सिलिंडर जवळजवळ अकरा लिटरांचा आणि पूर्ण वेग मिनिटाला १,००० फेरे. जनरल मोटर्सचे एंजिन दोन धावांचे. सिलिंडर सव्वानऊ लिटरांचा आणि फेरे अवघे ८३५. परंतु प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्याने शक्तीत उणेपणा नव्हता. आल्कोच्या टर्बोला फिरण्यासाठी धुराच्या झोताची वाट पाहावी लागे. चालकाने एकाएकी शक्ती वाढवली की इंधन आधी पोचे, हवा मागाहून! कल्याण-पुण्याकडील प्रवाशांना परिचित असलेला तो काळाकुट्ट लोट याचाच परिणाम होय. दुसऱ्याचा टर्बो मंद गतीत दातेरी चाकांनी फिरवला जाई; त्यामुळे ही अडचण पुष्कळच कमी. १९६९ मध्ये दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली, तेव्हा तिला जुंपले गेले ते हेच डब्ल्यूडीएम-४.

मग निवड दुसऱ्याची का झाली? जनरल मोटर्स एंजिन विकावयास तयार होती, ते बनविण्याची विद्या देण्यास नव्हती. आल्कोने ती देऊ केली. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या दिवसांत या एका गोष्टीपुढे थोड्याशा धुराचे काय मोल? १९६१ मध्ये स्थापन झालेल्या काशीच्या कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले एंजिन बाहेर पडले. ते राष्ट्राला अर्पण केले लालबहादूर शास्त्रींनी, ज्यांचा जन्म मुगलसराईचा!

पुढचा हिशेब डोळ्यांत भरण्यासारखा आहे. डब्ल्यूडीएम-४ एकूण ७२ आली. त्यांत भर पडली नाही. डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांपलीकडे गेली. खुद्द आल्कोने १९६९ मध्ये एंजिने बांधणे सोडले. मूळ घर बंद झाले, पण काशीतील कामगार त्याच आराखड्यांत सुधारणा करीत राहिले आणि ३,१०० अश्वशक्तीपर्यंत पोचले.

त्यांनाही अखेर मर्यादा पडली. अधिक शक्तीच्या एंजिनासाठी १९९५ मध्ये रेल्वेने पुन्हा करार केला, तो जनरल मोटर्सशी. या वेळी कंपनीने बनविण्याची विद्याही देऊ केली. त्यातून ४,००० अश्वशक्तीची, दोन धावांची एंजिने २००२ पासून काशीतच तयार होऊ लागली.