सार्वजनिक-खाजगी भागीदारी प्रकल्पांचे यश : जोखमीच्या वाटणीचा विचार

प्रस्तावना :

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर वीज, रस्ते, बंदरे, विमानतळ इत्यादी पायाभूत सुविधांच्या उभारणीत खाजगी भांडवलाला प्रवेश मिळाला. शासनाकडे निधीची टंचाई आणि खाजगी क्षेत्राकडे भांडवल व व्यवस्थापनकौशल्य, या साध्या समीकरणातून सार्वजनिक-खाजगी भागीदारीची कल्पना आपल्याकडे रुजली. तथापि या भागीदारीचा आजवरचा अनुभव संमिश्र आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी काही प्रकल्प दीर्घकाळ सुरळीत चालले, तर काहींची परिणती न्यायालयीन वादात व लोकक्षोभात झाली. हा फरक कशामुळे पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :

सार्वजनिक-खाजगी भागीदारी म्हणजे खाजगीकरण नव्हे. खाजगीकरणात मालमत्तेची मालकी कायमची हस्तांतरित होते. भागीदारीत सेवेची अंतिम जबाबदारी शासनाकडेच राहते आणि बांधकाम, वित्तपुरवठा, देखभाल यांपैकी काही कामे ठराविक मुदतीसाठी खाजगी भागीदाराकडे सोपविली जातात. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' हा तिचा सर्वपरिचित प्रकार होय. असे करार पंधरा ते तीस वर्षांचे असतात. एवढ्या काळात सरकारे बदलतात, व्याजदर व इंधनाचे दर बदलतात, वाहतुकीचे अंदाज चुकतात. म्हणून अशा कराराचा खरा विषय बांधकाम नसून अनिश्चितता हा असतो. ती अनिश्चितता कोणी सोसावयाची, यावर प्रकल्पाचे भवितव्य अवलंबून राहते. जी जोखीम ज्या पक्षाला अधिक चांगल्या रीतीने नियंत्रित करता येते, ती त्या पक्षाकडे असावी, हे याबाबतचे मूलभूत तत्त्व आहे.

एकतर्फी जोखमीचा अनुभव – दाभोळ :

गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प हा व्यापक अर्थाने अशा भागीदारीचा आरंभीचा प्रयोग होता. एन्रॉनप्रणीत दाभोळ पॉवर कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. तो स्पर्धात्मक निविदेद्वारे न होता वाटाघाटींतून झाला. मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी ठराविक आकार देणे बंधनकारक होते, दराचा मोठा भाग डॉलरशी निगडित होता आणि इंधनाच्या दरातील वाढही मंडळाकडेच येत होती. मागणी, विनिमय दर व इंधन या तिन्ही जोखमी अशा रीतीने एकाच पक्षावर पडल्या. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. वीज महाग होती, एवढेच या अपयशाचे कारण सांगणे अपुरे ठरते. नफा एका पक्षाकडे आणि सर्व अनिश्चितता दुसऱ्याकडे, अशी कराराची रचना हे त्याचे मूळ कारण होते.

टप्प्यानुसार जबाबदारी – मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग :

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे आहे. भूसंपादन, वनविषयक परवानग्या व घाटातील बोगदे ही जोखमीची कामे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने कर्ज उभारून स्वतः पार पाडली. २००२ मध्ये मार्ग पूर्ण झाला. वाहतुकीचे स्वरूप प्रत्यक्ष दिसू लागल्यानंतर, २००४ मध्ये पथकर वसुली व देखभाल यांचे हक्क ९१८ कोटी रुपयांच्या एकरकमी मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी खाजगी कंपनीस देण्यात आले. भूसंपादनाची जोखीम शासनाकडे आणि दैनंदिन व्यवस्थापनाची खाजगी भागीदाराकडे, ही वाटणी तत्त्वास धरून होती.

तरीही या कराराची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. मोबदला आरंभीच निश्चित झाल्याने वाढत्या वाहतुकीचा लाभ प्रामुख्याने कंपनीकडे गेला आणि पथकर किती काळ द्यावयाचा, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत वारंवार उपस्थित झाला. २००६ मधील दिल्ली व मुंबई विमानतळांच्या करारांत वेगळी पद्धत दिसते. तेथे महसुलाचा अनुक्रमे ४५.९९ टक्के व ३८.७ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणास देण्याचे ठरले. जोखमीप्रमाणेच अनपेक्षित लाभाचीही वाटणी करारात असली पाहिजे, असा बोध यातून घेता येतो.

दरनिश्चितीतील संदिग्धता – मुंबई मेट्रो :

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा ११.४ कि.मी.चा मेट्रो मार्ग २००७ च्या करारानुसार उभा राहिला. केंद्र व राज्य शासनाने मिळून ६५० कोटी रुपयांचा व्यवहार्यता तफावत निधी दिला. मात्र मार्गासाठी लागणारी जागा उपलब्ध होण्यातील विलंब व खर्चवाढ यांमुळे सेवा सुरू होण्यास जून २०१४ उजाडले. त्यानंतर तिकीटदर करारातील असावेत की कंपनीने वाढीव खर्चाच्या आधारे ठरवावेत, यावर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व कंपनी यांच्यात वाद उद्भवला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रवाशांच्या दृष्टीने सेवा उपयुक्त ठरली, पण भागीदार एकमेकांचे वादी-प्रतिवादी झाले. खर्च वाढल्यास दर कोणी, कोणत्या सूत्राने व किती काळाने बदलावयाचे, हे आरंभीच निःसंदिग्ध नसेल तर चालू स्थितीतील प्रकल्पही अडचणीत येतो.

करारात नसलेला पक्ष – कोल्हापूर :

भागीदारीचा करार दोन पक्षांत होतो, परंतु त्याचा भार बहुधा तिसरा पक्ष, म्हणजे नागरिक, उचलतो. कोल्हापूर शहरातील सुमारे ४९ कि.मी. रस्त्यांच्या विकासाचा प्रकल्प याच तत्त्वावर राबविला गेला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पथकर वसुली सुरू झाली. कामे अपूर्ण व निकृष्ट असल्याचा आक्षेप नागरिकांनी घेतला. शिवाय आपल्याच शहरात ये-जा करण्यासाठी कर का द्यावा, हा प्रश्न होताच. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते आंदोलनात उतरले; जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची जाळपोळही झाली. अखेर राज्य शासनाने पथकर रद्द करून कंपनीची भरपाई करण्याचा मार्ग स्वीकारला. म्हणजेच जो खर्च टाळण्यासाठी भागीदारी केली, तो सार्वजनिक तिजोरीवरच आला. कायदेशीर करार आणि लोकमान्य करार यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

धोरणात्मक बदल :

या व अशा अनुभवांची दखल धोरणकर्त्यांनी घेतलेली दिसते. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ च्या अहवालात जोखमीच्या तर्कशुद्ध वाटणीवर, स्वतंत्र नियामक यंत्रणेवर आणि प्रामाणिक निर्णयचुका व भ्रष्टाचार यांत भेद करण्यावर भर दिला. अधिकारी चौकशीच्या भीतीने निर्णयच घेत नसतील तर फेरवाटाघाटी अशक्य होतात, हे त्यामागील कारण होते. २०१६ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी स्वीकारलेल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत प्रकल्पखर्चाचा ४० टक्के भाग शासन बांधकामकाळात देते व उर्वरित रक्कम पुढे हप्त्यांनी देते. वाहतूक व पथकर यांची जोखीम शासनाकडे, तर बांधकाम व देखभालीची खाजगी भागीदाराकडे राहते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) भूसंपादन व परवानग्या यांची पूर्तता करारापूर्वी, निदान बांधकामापूर्वी होणे आवश्यक आहे.

२) भागीदाराची निवड खुल्या स्पर्धेतून व्हावी.

३) जोखीम आणि लाभ या दोहोंची वाटणी करारात स्पष्ट असावी.

४) दरबदलाचे सूत्र व तंटानिवारणाची यंत्रणा आरंभीच निश्चित असावी.

५) ज्यांना शुल्क द्यावयाचे आहे, त्या नागरिकांना कराराच्या अटी आधी समजल्या पाहिजेत.

खाजगी भागीदार आल्याने शासनाची जबाबदारी कमी होत नाही, तिचे स्वरूप बदलते. रस्ता बांधण्याऐवजी करार बांधण्याचे कौशल्य शासनाला मिळवावे लागते. ते नगरपालिकांपासून राज्यस्तरापर्यंतच्या यंत्रणांत विकसित झाले नाही, तर उत्तम भांडवल व उत्तम तंत्रज्ञान असूनही अशा भागीदारीचा अंतिम भार सामान्य करदात्यावरच पडत राहील.